पेटंट मागणाऱ्याने प्रचलित पद्धतही सांगावी

महोदय,

भारतात पेटंट मागताना त्याच शोधासाठी परदेशात केलेल्या अर्जांची माहिती देणे १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ८ नुसार अर्जदारावर बंधनकारक आहे आणि ती दडवल्यास मिळालेले पेटंट रद्दही होऊ शकते. मात्र आपल्या शोधाशी मिळतेजुळते आधीपासून काय प्रचलित आहे, हे अर्जदाराला ठाऊक असले तरी ते आपणहून उघड करण्याचे सर्वसाधारण बंधन आपल्याकडे नाही. अमेरिकेत ते आहे, अर्थात तेथेही १९९५ मध्ये जखमेवरील हळदीच्या वापराला पेटंट मिळालेच.

ते पेटंट रद्द करून घेताना सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेला जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून दाखवता आले. पण उद्या आमच्या एखाद्या पद्धतीवर कोणी पेटंट मागितले, तर कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी (धातूचे ओतकाम करणाऱ्यांनी) काय दाखवायचे? कोअरच्या (ओतीव वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याच्या) वाळूत मळी किती घालायची, कोअर किती वेळ भाजायचा, या गोष्टी येथे जुन्या कारागिराकडून नव्याकडे तोंडीच जातात, त्यामुळे छापील साहित्य धुंडाळणाऱ्या परीक्षकाला त्या सापडणे अवघडच. पेटंट मिळण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते हे खरे, पण पेटंट कार्यालयाचे जर्नल दर आठवड्याला चाळत बसायला लहान कारखानदाराला सवड कोठून मिळणार?

परदेशी अर्जांच्या तपशिलाचा नमुना ३ आज भरावाच लागतो. त्याच्याच जोडीला, स्वतःस ज्ञात असलेल्या प्रचलित पद्धती अर्जदाराने लेखी कळवाव्यात, अशी तरतूद केंद्राने करावी.

– एक फाउंड्री व्यावसायिक, कोल्हापूर