मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतला

महोदय,

नवी गाडी सुरुवातीला कमी मायलेज देते, इंजिन मोकळे झाले की आकडा कंपनीच्या दाव्यापर्यंत पोहोचतो, असा दिलासा 'नव्या गाडीचे मायलेज' या आपल्या लेखात दिला आहे. तो पटला नाही. नव्या इंजिनातील घर्षण पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये कमी होते हे खरे, पण त्याने पडणारा फरक किरकोळ.

खरी तफावत चाचणीतच आहे. युरोपातील 'डब्ल्यूएलटीपी' ही मायलेज मोजण्याची चाचणी बंद खोलीत, रोलरवर, 23 अंश तापमानात होते. 30 मिनिटांत साधारण 23 किलोमीटर, तेही एसी बंद ठेवून! गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांच्या नोंदी तपासून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये अहवाल दिला. त्यात प्रत्यक्षातला इंधनखप दाव्यापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त निघाला. अमेरिकेत मात्र 2008 च्या मॉडेलपासून एसी, थंडी आणि जास्त वेग धरून आकडा काढतात. म्हणजे वास्तवाजवळचा आकडा छापणे अशक्य नाही. तो माहितीपत्रकात ठळक हवा.

ग्राहकानेही डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये (तो बरेचदा उदार असतो). नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून किलोमीटरला लिटरने भागावे. असे चार-पाच टाक्यांनंतरही आकडा फारच कमी आला, तर खुशाल सर्व्हिस सेंटरशी भांडावे.

– एक वाचक