पेन्सिल धरून थांबलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुम्हाला पाठवता आलं असतं. पण तुमच्यासारखं शिकवणारी माणसं असतात हे इतरांनाही कळावं, आणि शिकवण्याच्या नावाखाली मुलांची वर्षं वाया घालवणाऱ्यांच्या कानांवरही चार गोष्टी जाव्यात, म्हणून उघड लिहितो आहे. चारचौघांत झालेलं कौतुक तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे. एवढं एकदा चालवून घ्या.

निमित्त परवाच्या बैठकीचं. हल्ली आमच्याकडे बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं आणि संगणक त्याचा मजकूर आपोआप तयार करून देतो. मजकूर चांगला येतो, नाव ठेवण्यासारखा नसतो. तरीही मी वही घेऊन बसतो आणि शॉर्टहँडमध्ये, म्हणजे बोलण्याच्या वेगाने लिहिता यावं म्हणून रेघांच्या खुणा वापरणाऱ्या लिपीत, टिपणं घेतो. ही सवय तुमच्या शॉर्टहँड-टायपिंगच्या वर्गातली. एका प्रस्तावावर वाद रंगला, तिघं-चौघं एकदम बोलायला लागले आणि शेवटी प्रस्ताव नामंजूर झाला. संगणकाच्या मजकुरात मात्र ‘मंजूर’ आलं. त्या गलक्यात ‘ना’ गळाला. मसुदा तसाच सगळ्यांना जाणार होता. मी उभा राहिलो आणि वहीतला तेवढा भाग सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वाचताना अडकलो. अध्यक्ष थांबले, बाकीचेही थांबले. मी वाक्य पुरं केलं, दुरुस्ती नोंदवली गेली आणि बैठक पुढे सरकली. कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं. त्या रात्री मला झोप आली नाही, सारखी तुमची आठवण येत होती.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, मी लहानपणापासून तोतरा आहे. काही शब्द सहज येतात, काही शब्दांच्या पहिल्या अक्षरावर जीभ अडते. ‘प’ आणि ‘क’ माझ्यासाठी सगळ्यात अवघड.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्या संस्थेत होतो तिचं नाव लिहीत नाही. दारावर पाटी मोठी होती, सेक्रेटरियल प्रॅक्टिस आणि आधुनिक कार्यालयीन तंत्रज्ञान. आत संगणकाची खोली बहुतेक वेळा कुलूपबंद. मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नाव-पत्त्यासह संगणकाकडून तयार करून घेणं, आम्हाला फळ्यावर चौकोन काढून शिकवलं. एक पत्र, पत्त्यांची एक यादी, मधे बाण. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. एकदाही कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं नाही. टायपिंगला एकच उतारा पुन्हा पुन्हा देत. अशा उताऱ्यावर वेग वाढणारच, बोटांना तो पाठ होतो. नवा कागद समोर आला की तोच वेग निम्म्यावर येतो. मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी कसलीतरी चिन्हं दिसायची आणि आम्हाला वाटायचं की संगणकच बिघडला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. त्या वर्गात युनिकोड हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

हे सगळं एक वेळ सोडून देता येईल. मला जे सोडता येत नाही ते वेगळंच आहे. डिक्टेशन झालं की प्रत्येकाने आपली टिपणं वाचून दाखवायची असा नियम होता. माझी पाळी आली की सर म्हणायचे, “तू बस. तुझी वही मी नंतर बघतो.” नंतर कधी बघितली नाही. पुढे मला डिक्टेशनलाच बसवेनासे झाले. “तू मागे बसून टाइप कर. फोन, माणसं, हे तुझं काम नव्हे.” त्यांच्या मते ही माझ्यावर दयाच होती. वर्गात हसू होऊ नये म्हणून. मॅडम, टिंगल करणारी मुलं मला शाळेतही भेटली होती, त्यांचं काही वाटलं नाही. पण ज्याच्याकडे आपण शिकायला जातो त्याने अर्धं काम परस्पर आपल्या वाट्यातून काढून टाकावं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या वर्गात मी आलो तो हे गृहीत धरूनच. मागच्या बाकावर बसलो. तुम्ही सगळ्यांच्या वह्या बघत बघत माझ्यापाशी आलात, वही उचललीत आणि माझी टिपणं मोठ्याने वाचायला लागलात. माझ्या रेघांवरून, न थांबता, अख्खं पत्र. एका जागी थांबून म्हणालात, “ही रेघ दाब. मला इथे ‘ब’च्या जागी ‘प’ दिसतोय.” झालं, एवढंच. पिटमनच्या शॉर्टहँड पद्धतीत तीच तिरपी रेघ हलकी ओढली तर ‘प’ आणि दाबून ओढली तर ‘ब’, उभी रेघ हलकी तर ‘ट’ आणि दाबून तर ‘ड’. ही गोष्ट मला पाठ होती. पण माझं लिखाण दुसऱ्या माणसाला वाचता येतं, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं.

आणि मग ती दुपार. तास संपला होता, मुलं निघाली होती. तुम्ही मला थांबवलंत, तुमच्या खुर्चीत बसायला सांगितलंत आणि स्वतः समोरच्या स्टुलावर वही उघडून बसलात. “आज तू सांग, मी घेते.” रजेच्या अर्जाला उत्तर द्यायचं होतं, इंग्रजीतून. दुसऱ्याच ओळीत ‘परमिशन’ आला आणि मी ‘प’वर अडकलो.

अशा वेळी माणसं काय करतात हे मला चांगलं माहीत आहे. बहुतेक जण शब्द पुरा करून टाकतात. काही जण मान हलवून “कळलं, कळलं” म्हणतात. काही दुसरीकडे बघतात. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. पेन्सिलीचं टोक कागदापासून जरासं वर उचलून धरलंत आणि थांबलात. नजर वहीवर, जशी कुठल्याही साहेबासमोर बसलेल्या स्टेनोची असते. चेहऱ्यावर दया नाही, घाई नाही. मी शब्द पुरा केला, तुमचं टोक कागदावर टेकलं, आपण पुढे गेलो. पत्र संपेपर्यंत असं कितीदा तरी झालं असेल आणि दर वेळी ती पेन्सिल तेवढीच वर, तशीच थांबलेली.

शेवटी तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत. ज्या शब्दावर मी इतका अडकलो होतो त्याच्या जागी एक हलकी तिरपी रेघ आणि तिला जोडून पुढचा आकार, हात न उचलता काढलेला. अडखळण्याची खूणसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, “लिहिणारा माणूस आवाज ऐकतो, पण लिहितो ते बोलणाऱ्याला म्हणायचं असतं ते. तुझं म्हणणं हे असं आहे.” मी त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

मग तुम्ही ते पत्र टाइप केलंत. खाली माझं पूर्ण नाव, सहीसाठी जागा सोडून. आणि तळाशी डाव्या बाजूला ती छोटी ओळ, जी हल्ली फारसं कुणी लिहीत नाही: पत्र सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठ्या अक्षरांत, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं लहान अक्षरांत. मोठ्या अक्षरांत माझी होती, लहान अक्षरांत तुमची. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “तपास. चूक असली तर परत दे, मी पुन्हा टाइप करीन.” मी खरंच तपासला. चूक नव्हती.

तो कागद माझ्याकडे अजून आहे.

त्यानंतर तुम्ही मला कशातूनच सूट दिली नाहीत, याचेही आभार. टिपणं वाचायला मी उभा राहायचोच. फोनचा सराव मलाही होता, इतरांपेक्षा जास्तच. उचलल्यावर आधी कार्यालयाचं नाव, मग स्वतःचं नाव, निरोप लिहून घेतला की तो समोरच्याला परत वाचून दाखवायचा, आकडे एकेक करून. “पन्नास की पंधरा हे विचारायची लाज वाटली तर त्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं,” हे तुमचं वाक्य माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे.

संगणकही तुम्ही असाच शिकवलात. बटण कुठे आहे ते आवृत्तीगणिक बदलतं, काम काय आहे ते बदलत नाही, हे धरून. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे कार्बनचा कागद कधी न पाहिलेल्या मुलांना तुम्ही खरा कार्बन लावून दाखवलंत. खालच्या प्रतीवरचं पुसट जांभळं अक्षर बघितल्यावर ‘ही प्रत कुणाला आणि का’ हा प्रश्न आपोआप पडायला लागला. बीसीसीमध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीच्या रकान्यात, पत्ते का घालायचे, तर अनेकांना एकच मेल जाताना एकाचा पत्ता दुसऱ्याला फुकटात वाटला जाऊ नये म्हणून. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, म्हणजे यादी आपसूक क्रमाने लागते. तुम्ही सांगितलेली ही साधी रीत मी आमच्या कार्यालयात लावली आणि जुनं पत्र शोधताना होणारी आदळआपट थांबली. मथळ्यांना हाताने ठळक न करता स्टाइल, म्हणजे मथळ्याचा तयार साचा, लावायची, म्हणजे लांबलचक अहवालाची अनुक्रमणिका संगणक स्वतः करतो. एक्सेलमध्ये बेरीज डोळ्यांनी पडताळून मगच पुढे पाठवायची. आलेल्या मेलमधली लिंक उघडण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा. आणि साहेबांच्या खोलीतलं साहेबांच्या खोलीतच ठेवायचं.

आणखी एक गोष्ट राहिली. या कामाला कमी लेखणारा कुणी पालक आला की तुम्ही बेट नेस्मिथ ग्रॅहम यांची हकीकत सांगायचात. अमेरिकेतल्या एका बँकेतली सेक्रेटरी. टाइप करताना झालेली चूक झाकायला रंगाची बाटली आणि ब्रश घेऊन कार्यालयात यायची. १९५०च्या दशकात तिने त्यातून लिक्विड पेपर हा टायपिंगच्या चुका झाकणारा पांढरा द्रव उभा केला आणि १९७९ साली ती कंपनी जिलेटने ४ कोटी ७५ लाख डॉलर्सना विकत घेतली. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. आकड्याचं तुम्हाला फारसं नव्हतं. टाइप करणारी बाई विचारही करत असते, हे पालकांनी ऐकावं असं तुम्हाला वाटायचं.

मॅडम, नोकरीत आल्यापासून मी माणसांकडे एका वेगळ्या नजरेने बघतो. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारी माणसं मला लगेच ओळखू येतात. ती मोठ्या हुद्द्यावर असतात असं नाही. आमच्याकडे दारावर बसणारे काका तसे आहेत, लेखा विभागातली एक नवी मुलगी तशी आहे, आणि परवा कळलं की अध्यक्षही तसेच आहेत. थांबायला काही शिक्षण लागत नाही, पैसे पडत नाहीत, तरी ते इतक्या थोड्यांना का जमतं हे मला उमगलेलं नाही. ज्यांना जमतं त्यांच्या आसपास बाकीच्यांची कामं चांगली होतात, हे मात्र रोज बघतो. ज्या सरांनी मला मागे बसवलं ते वाईट होते असं आता म्हणवत नाही. त्यांच्याकडे ती दोन-चार सेकंदं नव्हती. तुमच्याकडे होती, आणि पगारात न मोजल्या जाणाऱ्या वेळातून तुम्ही ती मला दिलीत.

आता मुलं विचारतात, संगणक ऐकून लिहितो तर शॉर्टहँड कशाला शिकायचं? ती तुम्हालाही विचारत असतील. आमच्या बैठकीतला तो गळालेला ‘ना’ त्यांना सांगा. आणि हेही सांगा की माझ्यासारख्याचं बोलणं संगणकाला अजून नीट कळत नाही. मी अडकलो की तो तेच अक्षर चारदा लिहितो, नाहीतर भलताच शब्द पुरा करून टाकतो.

एक विनंती आहे. नवी तुकडी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत मुलांना सावकाश डिक्टेशन देणारा माणूस लागतो, आणि तेव्हा तुमच्या घशावर किती ताण येतो हे मी पाहिलेलं आहे. शनिवारी मला सुट्टी असते. पत्रं मी निवडून आणीन, दर वेळी नवी, कार्यालयात खरोखर लिहिली जातात तशी, नावं-गावं बदलून. मुलं वाचून दाखवतील तेव्हा समोर बसून ऐकीन. तुम्ही फक्त वेळ कळवा.

आपला विद्यार्थी