मनू, आधी बसून जेव

वाई
मंगळवार, दुपार

चि. मनू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल आईच्या मोबाइलवर तुझा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. आईने चष्मा लावून आकडा पुन्हा पाहिला आणि काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला. तिचा सगळा जन्म वॉर्डात गेला, रिपोर्ट बघून गप्प बसणाऱ्यांतली ती नाही. रात्री दोघांनाही झोप लागली नाही. फोन करायला हात पुढे गेला होता, पण फोनवर तू ‘हो बाबा, जेवते बाबा’ म्हणतेस, मागे कुकरच्या शिट्ट्या, पिल्लूचा दंगा, आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून पत्र लिहितोय. बसून वाच.

आधी आईचा निरोप. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, तुझं तर बरंच खाली आहे. नुसत्या खजूर-नाचणीवर ते भरून येणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको. लिंबाचं सरबत चालेल, त्याने लोह अंगी लागतं. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. आकडा वर आला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि मुळात कमी का झालं ते डॉक्टरांना विचार, पाळीचं सगळं मोकळेपणाने सांग. इथवर आईचं.

आता माझं. तू जेवतेस कधी?

जानेवारीत आम्ही आलो होतो तेव्हा तू दोन भाज्या, कोशिंबीर, वरण-भात, गरम पोळ्या असा सगळा घाट घातला होतास. ऑफिसातून येऊन दीड तास उभी होतीस. मी पानं मोजली, त्यात तुझं पानच नव्हतं. मागाहून पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आलो तर पिल्लूच्या ताटलीत राहिलेली अर्धी पोळी चटणी लावून गुंडाळलेली तुझ्या डाव्या हातात होती आणि उजव्या हाताने तू जावईबापूंचा डबा घासत होतीस. मला बघून हसलीस. ‘झालंच बाबा माझं,’ म्हणालीस. काय झालं होतं?

आई एकदा सरकारी पाहणीचे आकडे घेऊन आली होती, २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या चोपन्न जणींना अ‍ॅनिमिया. कारणं पुष्कळ असतात, सगळं खापर जेवणावर फोडता येत नाही, हे आईनेच समजावलं. तरी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायका मी घरात पाहिल्यात. आक्कांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्यावर लिहीत नाही.

आजीने मात्र आमच्या घरात वेगळी रीत पाडली. ताटं एकदम मांडायची, भाकऱ्या टोपलीत मध्ये ठेवायच्या, ज्याला हवी त्याने उचलून घ्यायची. ‘वाढपी लग्नात असतो, घरात नसतो,’ असं ती आजोबांच्या तोंडावर म्हणायची. गार भाकरीवरून आजोबा पहिल्या आठवड्यात कुरकुरले, पुढे त्यांनाच ती आवडायला लागली. पिठलं घट्ट झालं की ती म्हणायची, आज झुणका केलाय. पातळ झालं की म्हणायची, आज भात जास्त घ्या. कधी हिरमुसली नाही की कुणाला सफाई दिली नाही.

तुला तो टेंपो आठवतो का? तू चौथीत होतीस. जेजुरीहून परतताना भोरकडची सगळी मंडळी रात्री दहाला दारात उतरली. बारा-तेरा माणसं, निरोप नाही, काही नाही. आई नाइटला गेलेली. घरात भाजणीचा डबा, कांदे आणि ताकाचं पातेलं, एवढंच. मी मोरीपाशी उभा राहून वाण्याचं दार वाजवावं का याचा विचार करत होतो. आजी पदर खोचून ओसरीवर गेली आणि म्हणाली, ‘या, या, वाटच बघत होतो. आज थालीपिठांचा बेत ठेवलाय, निरोप मिळाला ना?’ पाहुण्यांचे चेहरे असे खुलले! आणि पहिलं थालीपीठ तव्यावरून उतरतंय तोच आपले दादासाहेब मोठ्याने विचारतात, ‘कुठला निरोप आजी?’ आजीने हातातला थालीपिठाचा तुकडा लोण्यासकट त्याच्या तोंडात कोंबला. तो गरम गरम तुकडा तोंडात घेऊन ‘हा हू’ करत अंगणभर नाचला आणि तू हसता हसता पायरीवरून खाली बसलीस. त्या रात्री दोन तव्यांवर थालीपिठं लागत होती, भोरच्या काकू स्वतः कांदा चिरत होत्या, पुरुष ताक घुसळत होते. अजून कुठल्याही लग्नात त्यांच्यातलं कुणी भेटलं की पंगतीबद्दल बोलत नाही, ‘तुमच्याकडच्या थालीपिठांचा बेत’ म्हणतात.

मनू, मला एवढंच म्हणायचं आहे. घरी एकच पदार्थ कर, पण तुझं पान मांड.

चकोल्या कर ना. आईची नाइट असली की तू आणि दादा हटकून मागायचात. कुकरला तुरीची डाळ लाव, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, हळद, तिखट, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. पाणी सढळ हाताने, कारण कणकेची फळं रस्सा पितात. कणकेत हळद, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल. पोळी जरा जाडसर लाटायची आणि शंकरपाळ्यासारखी कापायची. रस्सा खळखळून उकळला की फळं एकेक करून सोडायची, एकदम ओतली की लगदा होतो. ते तुझं काम असायचं. स्टुलावर उभी राहून प्रत्येक फळाला नाव देऊन सोडायचीस, हे गणिताचे सर, हे हेडमास्तर, आणि हेडमास्तर कुणाच्या ताटात आले यावर भांडण व्हायचं. पिल्लूला त्या वयाची होऊ दे, तिलाही सोडायला दे. वरून तूप, सोबत भाजलेला पापड आणि लिंबाची फोड. एवढं पुरे.

एखाद्या दिवशी तेही होत नसेल तर मऊ भात, मेतकूट, तूप. नाहीतर रात्रीच्या पोळ्या कुस्करून फोडणीला टाक, मूठभर दाणे घाल. मोड आलेली मटकी डब्यात असू दे, कांदा परतून वाफवली की उसळ तयार, वर लिंबू पिळ. दोन भाज्या आणि कोशिंबीर रविवारसाठी ठेव. पाहुणे आले तरी हेच. तुझ्या घरी मेथीची पातळ भाजी नि भाकरी खाऊन कुणी नावं ठेवली तर त्याला माझ्याकडे पाठव.

बघ, शिकवायला लागलो. तू तीस माणसांची टीम सांभाळतेस, सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटल, घर आणि ऑफिस सगळं एकटीने सांभाळलंस, त्या स्वतः मला फोनवर म्हणाल्या की अशी सून नशिबाने मिळते. त्या दिवशी मी गावभर सांगत फिरलो. अशा मुलीला भात कसा करावा हे मी का सांगावं? रागावू नकोस. पण त्याच फोनमध्ये त्या असंही म्हणाल्या होत्या की ‘ती कधी जेवते ते आम्हाला कळतच नाही’. त्यांनी कौतुकाने सांगितलं. माझ्या मनात ते तेव्हापासून रुतून बसलंय.

जावईबापू चांगले आहेत. त्यांना तू सांगितलं नाहीस तर कळणार कसं? अंगातलं रक्त कमी झालंय म्हणून नाटक करायचं नाही, सरळ रिपोर्ट दाखवायचा. भाकरी येत नसेल, डबा घासता येतो, कुकर लावता येतो. मला लग्नाच्या वेळी चहासुद्धा येत नव्हता, तुझ्या आईच्या ड्यूट्यांनी सगळं शिकवलं. त्यांच्यावर ओरडू नकोस, हसत खेळत सांग. तुझ्या हसण्यापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या काही महिन्यांत फोनवर ते हसू ऐकू येत नाही. दम लागतो म्हणून असेल, आई म्हणते रक्त भरलं की येईल.

दादाशी बोललो. तो म्हणतो, बाबा तुम्ही उगाच घाबरता. घाबरतोच.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येतोय. आई पुढच्या आठवड्यात येईल, तोवर मी राहीन, तुझा सकाळचा डबा माझ्याकडे. भाजणी दळून आणलीय, पाच किलो, मेतकुटाचा डबा वेगळा आहे. अळीव आणि नारळ इथूनच घेतो, लाडू तिकडे वळू. स्वारगेटला कुणी घ्यायला येऊ नका, मी येतो रिक्षाने. डॉक्टरांची पुढची तारीख आईला आजच कळव, आणि आज रात्री काय जेवलीस तेही.

तुझे बाबा