बीएस्सीच्या १३२ क्रेडिटांपैकी २ क्रेडिट रानाला द्या

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गेली २६ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवतो. पगार, बढती यांतले काही मागायला हे पत्र लिहीत नाही. मागणे एकच आहे. वनस्पतिशास्त्र असो की प्राणिशास्त्र, बीएस्सीची पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक मुलामुलीने तीन वर्षांत मिळून ६० तास (अभ्यासाच्या मोजणीत दोन क्रेडिट) सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, ओढ्याकाठी, खाडीत, देवराईत काढलेले असावेत. ही अट शासनाने घालावी आणि तिचा खर्चही उचलावा.

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट सांगतो. रविवार होता. अधिकृत सहलीची परवानगी वेळेत मिळाली नव्हती, म्हणून जी मुले आपापल्या पालकांना सांगून येऊ शकत होती अशा अकरा जणांना घेऊन मी महाविद्यालयामागच्या सड्यावर गेलो. अंतर तीन किलोमीटरही नसेल. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचले होते, गेंद पांढरा फुलला होता, सीतेची आसवे निळी-जांभळी पसरली होती. तृतीय वर्षाची एक मुलगी खाली वाकली आणि तशीच राहिली. तिच्या पायाशी दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती होती. तांबूस पान, त्यावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात अडकलेली, अजून पाय हलवणारी एक मुंगी. "सर, हे पुस्तकातलं तेच का?" तिने विचारले. मी हो म्हणालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेत जाताना रोज मी ह्याच्यावरून चालत गेलेय."

ती मुलगी सड्याखालच्याच वाडीतली. तिची आजी त्या सड्यावर गुरे चारते. कीटकभक्षी वनस्पतींवरचे उत्तर तिने परीक्षेत दोनदा लिहिले होते आणि दोन्ही वेळा चांगले गुण घेतले होते. तिच्या हुशारीत काही कमी नाही. आम्हीच तिला तीन वर्षे चार भिंतींत बसवून ठेवले.

नव्या शैक्षणिक धोरणाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांना १३२. मुले ज्याला मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) म्हणतात त्या रचनेचे फायदेही मी पाहतो. ओईमध्ये हिशेबलेखन घेतलेला आमचा एक विद्यार्थी वडिलांच्या काजू कलमांच्या रोपवाटिकेची वही आता स्वतः लिहितो. पण कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ओई, ऑन जॉब ट्रेनिंग अशी सगळ्यांची वाटणी करताना रानाचा वाटा कोणी मागितला नाही. पूर्वी तो नियमापेक्षा रिवाजाने चालत असे. बॉटनीची टूर व्हायची, टूर रिपोर्ट आणि हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेली वनस्पती चिकटवलेला कागद) जोडल्याशिवाय जर्नलवर सही मिळत नसे. वेळापत्रक गच्च भरले तसा तो रिवाज पहिल्यांदा सुटला.

क्षेत्र प्रकल्पाची सोय नव्या रचनेत आहे आणि कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते ते मात्र आपल्या कानावर घालायला हवे. एका वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी गुगल फॉर्म करून व्हॉट्सॲपवर फिरवला. "आपल्याला औषधी वनस्पतींची माहिती आहे का? होय / नाही." आलेल्या उत्तरांचे रंगीत वर्तुळ छापले, स्पायरल बाइंडिंग केले, क्रेडिट मिळाले. मी त्या मुलांना दोष देत नाही. त्यांना घेऊन जायला गाडी नाही, आमच्या विभागातले निम्मे तास सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सहकारी घेतात आणि त्यांना वर्गातल्या तासिकेचे मानधन मिळते, सड्यावरच्या दिवसाचे मिळत नाही. जो प्रयोगशाळा परिचर दोरी, झाडे दाबून वाळवायचा प्रेस, जुनी वर्तमानपत्रे घेऊन आमच्याबरोबर यायचा, तो निवृत्त झाला. ती जागा रिकामीच आहे.

प्राणिशास्त्राचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवीच्या वर्गांतले प्राणिविच्छेदन थांबवले. निर्णय योग्यच होता. पण ट्रेमधला बेडूक गेला तेव्हा त्याच्या जागी ओढ्यावरचा जिवंत बेडूक यायला हवा होता. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन शेताच्या बांधावर उभे राहिले, तर नुसत्या आवाजावरून बेडकांच्या चार-पाच जाती मुलांना वेगळ्या काढता येतात. त्याऐवजी ती संगणकावर बेडकाच्या चित्रावर क्लिक करतात.

सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. त्या आईवडिलांचे दुःख आठवले की प्राचार्यांच्या सहीसाठी दार ठोठावताना माझाही हात थांबतो. पण मौजेची सहल आणि अभ्यासफेरी यांना एकाच अर्जात, एकाच भीतीत बसवल्याने घडले असे, की प्राचार्यांना 'नाही' म्हणणे सर्वांत सोपे झाले. अभ्यासफेरीसाठी स्वतंत्र नियमावली करा. दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक, पाण्यात उतरायला बंदी, विमा, प्रथमोपचार, वनखात्याची पूर्वपरवानगी, जे हवे ते घाला. आम्ही पाळू.

आता ६० तासांचा हिशेब. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे सहा-सहा तासांचे दहा दिवस, तेही सहा सत्रांत विभागून. १३२ मधली ही दोन क्रेडिट कुठून आणायची हे प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला ठरवू द्या, क्षेत्र प्रकल्पातूनच काढली तरी चालतील. फक्त ती ऐच्छिक ठेवू नका. या दिवसांसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची तर त्याचे पैसे मुलांच्या खिशातून जाऊ नयेत. आमच्याकडे तीनशे रुपयांसाठी मागे राहणारी मुले आहेत. ती कारण सांगत नाहीत, त्या दिवशी फक्त गैरहजर असतात.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईत बसून कदाचित लक्षात येत नसेल. आमची खरी प्रयोगशाळा जूनच्या पहिल्या पावसाला उघडते आणि सप्टेंबर सरताना बंद होते. ऑक्टोबरच्या उन्हात जांभा तापला की सड्यावर वाळके गवत उरते. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत लांबल्या, की पहिल्या वर्षाची मुले वर्गात बसून ओळखदेख होईपर्यंत निम्मा हंगाम गेलेला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांची अभ्यासफेरी तरी जुलै-ऑगस्टमध्येच व्हावी, असे शैक्षणिक वेळापत्रकात लिहून द्या. दिवाळीनंतर दिलेली परवानगी आमच्या उपयोगाची नाही.

या पदवीधरांचे काम काय, असे कोणी विचारले तर उत्तर शासनाच्याच कायद्यात आहे. जैविक विविधता कायदा २००२ नुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. कुठले झाड, कुठला मासा, कुठली रानभाजी, हे ओळखून नोंदवायला माणसे लागतात. गावातल्या जाणत्यांना नावे ठाऊक असतात, त्यांच्या शेजारी बसून ती शास्त्रीय नावाशी जुळवणारा पदवीधर हवा. ज्या मुलीने दवबिंदू वाकून पाहिला, ती हे काम करू शकेल. तिची आजी तर अर्धी नोंदवही तोंडपाठ सांगेल.

२०२४-२५ मध्ये आलेली पहिली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडेल. त्यांच्यासाठी कदाचित उशीर झाला आहे. त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी शासन निर्णय एप्रिलअखेर निघाला, तर जूनच्या पहिल्या पावसाला आम्ही तयार असू. प्रेस आणि वर्तमानपत्रे विभागातल्या कपाटात आहेतच.

कळावे,

आपला नम्र,
कोकणातील एक वनस्पतिशास्त्र शिक्षक