शाळेतल्या तीन तासांना एकच सावली पुरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकांच्या सुट्टीतल्या प्रशिक्षणात विज्ञान, सामाजिक विज्ञान आणि चित्रकला या विषयांचे शिक्षक वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. ज्या मूळ कल्पना तिन्ही विषयांत सामाईक आहेत, त्या मग कुणाच्याच वाट्याला धड येत नाहीत. मुलांच्या कानावर मात्र एका तासाला एक आणि दुसऱ्या तासाला दुसरेच पडते.

"दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य घ्या. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे, तर इंदूर सुमारे 75.9 अंशांवर आहे. एका अंशाला 4 मिनिटे धरली तर इथली खरी मध्यान्ह सरासरी 12 वाजून 27 मिनिटांनी होते. तीही स्थिर नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12.10 च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर 12.41 च्या सुमारास येते. आणि सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षात दोनदाच, 6-7 जूनच्या आणि 5-6 जुलैच्या आसपास. जुलैत ढगांमुळे बहुधा काहीच दिसत नाही, म्हणून जून सोडू नये.

हे समजायला एक मीटरची सरळ काठी पुरते. सपाट जागी ती ओळंब्याने उभी करावी. 21 मार्चला मध्यान्हीची सावली सुमारे 42 सेंटिमीटर भरते, 22 डिसेंबरला 104. 21 जूनला ती जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि दक्षिणेकडे पडते, कारण कर्कवृत्त इंदूरपासून सुमारे 80 किलोमीटर उत्तरेला आहे. अक्षांश म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने नकाशावरच्या आडव्या रेघा सांगत नाहीत.

प्रयोग फसतो तो पुढच्या दोन जागी. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती हे ठरवताच येत नाही. म्हणून काठीच्या बुंध्याभोवती वर्तुळ आखावे, सावलीचे टोक सकाळी आणि दुपारी वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खुणा कराव्यात आणि त्या जोडाव्यात. ती रेघ पूर्व-पश्चिम; बुंध्यातून तिला काटकोनात काढलेल्या रेघेवर सावली आली की मध्यान्ह. शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीची, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. त्रिज्या मात्र मध्यान्हीच्या सावलीपेक्षा मोठीच हवी. मार्चमध्ये 60 सेंटिमीटर पुरतात, पण तेच वर्तुळ डिसेंबरात वापरले तर सावली त्याला दिवसभर शिवतच नाही. तेव्हा 130 घ्यावे आणि सकाळी साडेदहालाच खुणांना बसावे. दुसरी अडचण म्हणजे सावलीचे टोक पुसट असते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावला की जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो. त्याचा मध्य धरावा.

ऋतूंचा घोटाळा इथेच सुटतो: सावली दाखवते की ऋतू बदलतात ते सूर्याच्या उंचीने, अंतराने नव्हे. पुस्तकातली लांबट कक्षा पाहून "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते" असे मुलांना वाटते आणि दुर्दैवाने काही शिक्षकही तेच सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर; जुलैत ती 15.2 कोटींवर असते. फळ्यावर 30 सेंटिमीटर व्यासाची कक्षा काढायची तर गोल वर्तुळच काढावे आणि सूर्य मध्यापासून अडीच मिलिमीटर बाजूला ठेवावा. त्याहून लांबट काढली की चित्रच खोटे शिकवू लागते.

रंगांचे तर भांडणच आहे. विज्ञानाचे सर मूळ रंग लाल, हिरवा, निळा सांगतात. चित्रकलेच्या बाई लाल, पिवळा, निळा. सर बोलतात ते उजेडाबद्दल, जिथे रंग मिळवत जातो. बाई बोलतात ते रंगद्रव्याबद्दल, जे उजेडातला काही भाग खाऊन टाकते. मोबाइलच्या पडद्यावर पांढरे चित्र उघडून पाण्याचा बारीक थेंब टाका, थेंबात लाल, हिरवे, निळे कण दिसतील. आपल्याच वृत्तपत्राचे रंगीत पान भिंगाखाली धरा, आकाशी, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील. शेंदरी लाल आणि निळा मिसळून मुलांचा जांभळा मळकट होतो, कारण शेंदरी रंग निळा उजेड जवळजवळ परतवतच नाही, क्रिमसन (निळसर झाकेचा लाल) वापरावा.

नकाशाचे प्रमाण थोडक्यात: 1:50,000 चा नकाशा झेरॉक्सवर मोठा केला की छापलेला आकडा खोटा ठरतो, रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली मोजपट्टी, नकाशाबरोबरच मोठे होत असल्याने खरे राहते. तासाला रेषाप्रमाणाचाच नकाशा न्यावा.

शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग करावा, ही गोष्ट मध्य प्रदेशाला नवी नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत याच पायावर सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. आज तितका पसारा नको. येत्या प्रशिक्षणात तिन्ही विषयांच्या शिक्षकांना एक दिवस सकाळी साडेदहा ते अडीच एकाच मैदानावर आणावे, प्रत्येक गटाला काठी, दोरी, ओळंबा, भिंग आणि रंगांच्या चार बाटल्या द्याव्यात, आणि त्या दिवशी स्लाइड दाखवू नयेत.

आपले,
विज्ञान, भूगोल व चित्रकलेचे शिक्षक-प्रशिक्षक, इंदूर