पायरेट्स हिवाळ्यात हरतात

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आमच्या पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघाच्या पॉल स्कीन्सला साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा) मिळाल्याची बातमी वाचून तू विचारलं आहेस की १.९७ ईआरए असलेल्या पिचरच्या नावावर १० विजय आणि १० पराभव कसे काय? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर अख्ख्या पायरेट्सची कुंडली मांडावी लागते, तेव्हा पत्र लांबणार. सवडीनं वाच.

आधी आकडे. ईआरए म्हणजे पिचरनं दर नऊ इनिंगमागे दिलेल्या, त्याच्या स्वतःच्या खात्यावरच्या धावा. क्षेत्ररक्षकाच्या चुकीनं झालेल्या धावा त्यात धरत नाहीत. स्कीन्सनं या मोसमात १८७.२ इनिंग टाकल्या (इथे टिंबानंतरचा दोन म्हणजे दोन आउट, दशांश नव्हे), २१६ बॅटर स्ट्राइक-आउट केले (म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद), आणि तीसच्या तीस मतदारांनी त्याला पहिलं स्थान दिलं. पण सुरुवात करणाऱ्या पिचरच्या नावावर विजय चढायचा तर त्यानं निदान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर जाताना संघ पुढे असायला हवा, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. म्हणजे मोठा भाग त्याच्या हातातच नाही. १८ मेला फिलाडेल्फियात त्यानं आठ इनिंग टाकून एकच धाव दिली. आपल्या बॅटरांनी एकही केली नाही. यजमान पुढे असल्यामुळे नवव्या इनिंगचा उत्तरार्ध खेळायची वेळच आली नाही, म्हणून आठ इनिंगचा तो 'कम्प्लीट गेम', म्हणजे संघातर्फे एकट्यानं पूर्ण टाकलेला सामना, ठरला. कारकिर्दीतला पहिलाच, आणि तो १-० असा हरला.

संघाचं एकूण चित्र असं: ७१ विजय, ९१ पराभव. १६२ सामन्यांत ५८३ धावा, म्हणजे सामन्याला ३.६. लीगची सरासरी साडेचारच्या आसपास असते. होम रन, म्हणजे बहुधा कुंपणापलीकडे जाणारा फटका, ११७. धावा आणि होम रन, दोन्हींत तीस संघांमध्ये आपण शेवटचे. सामन्यामागे जवळजवळ एक धाव कमी पडत असेल तर जगातला सर्वोत्तम पिचरही बरोबरीतच अडकणार.

माझं मत तुला आत्ताच सांगून टाकतो. हा संघ हरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत, ऑफिसात. उन्हाळ्यात मैदानावर दिसते ती त्याची वसुली.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण २०१५ चं. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं हा संघ विजयांपेक्षा पराभव जास्त घेऊन मोसम संपवत होता. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात असा दुसरा दाखला नाही. मग २०१३ मध्ये ९४ विजय, २०१४ मध्ये ८८ आणि २०१५ मध्ये ९८. त्या ९८ विजयांनंतरही सेंट लुईसचे १०० असल्यामुळे आपल्याला एकाच सामन्याच्या वाइल्ड कार्डमध्ये, म्हणजे गटविजेते नसलेल्यांच्या बाद फेरीत, उतरावं लागलं, आणि शिकागोचा पिचर जेक अरिएटा यानं ४-० नं बाहेर काढलं. ठीक आहे, एका सामन्यात कुणीही हरतो. राग येतो तो पुढच्या हिवाळ्याचा. पिट्सबर्गमध्येच जन्मलेला नील वॉकर न्यू यॉर्क मेट्सला दिला आणि बदल्यात जॉन नीस हा पिचर घेतला. पेड्रो अल्वारेझला सोडून दिलं. जे. ए. हॅप टोरांटोला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यानं २० सामने जिंकले. ए. जे. बर्नेट निवृत्त झाला. त्यांच्या जागी आले नीस, रायन व्होगलसाँग आणि जॉन जासो. ९८ विजयांचा संघ पुढच्या मोसमात ७८ वर आला. ज्या हिवाळ्यात दोन चांगले खेळाडू विकत घ्यायचे, त्याच हिवाळ्यात हात आखडला.

त्यानंतर पिचरांचं जे झालं ते तांत्रिकदृष्ट्या समजून घेण्यासारखं आहे. २०१३ ते २०१५ च्या यशामागे एक पद्धत होती: सिंकर टाका, म्हणजे शेवटी खाली झुकणारा फास्टबॉल, आणि तो गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. बॅटरच्या बॅटला चेंडूचा वरचा भाग लागतो, चेंडू जमिनीवरून जातो, आणि तिथे क्षेत्ररक्षक आधीच सरकवून उभे केलेले असतात. पद्धत चांगली होती, पण बॅटर शिकले. त्यांनी बॅट खालून वर न्यायला सुरुवात केली, आणि मग खालचा चेंडूच उचलायला सोपा झाला. बाकी संघांनी उत्तर शोधलं: फोर-सीम, म्हणजे सरळ जाणारा फास्टबॉल स्ट्राइक झोनच्या (चेंडू वैध ठरण्याच्या चौकटीच्या) वरच्या कडेला आणि जोडीला भरपूर स्लायडर-कर्व्ह, म्हणजे वळणारे चेंडू. आपण सिंकरला चिकटून राहिलो. जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल ह्यूस्टनला गेला. तिथे त्याचा सिंकर जवळजवळ बंद केला, फास्टबॉल वर नेला, आणि २०१९ मध्ये त्यानं ३२६ स्ट्राइक-आउट काढले. हात तोच होता, बदललं फक्त मार्गदर्शन. त्याच २०१८ च्या जुलैत टँपा बेकडून क्रिस आर्चर घेताना टायलर ग्लासनाओ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बॅझ असे तीन तरुण दिले. आर्चरनं पायरेट्ससाठी एकूण ३३ सामने सुरू केले. ग्लासनाओ टँपाला जाताच उंचावर फास्टबॉल टाकू लागला आणि चमकला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी: पिचर घडवण्यात संघ आता खरोखर सुधारला आहे. स्कीन्स तर आहेच, पण ऑगस्टमध्ये आलेला बबा चँडलर आणि ब्रॅक्स्टन अॅशक्राफ्ट हेही पाहण्याजोगे आहेत. अडलं आहे ते बॅटरांपाशी, आणि त्याची मुळं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आहेत. २०२१ मध्ये पहिली निवड आपली होती. कॅचर, म्हणजे बॅटरमागचा चेंडू झेलणारा, हेन्री डेव्हिसला घेतलं. त्या जागेचा ठरलेला बोनस ८४ लाख डॉलर होता, त्याला ६५ लाखांत पटवलं आणि वाचलेल्या पैशातून तिसऱ्या फेरीत चँडलरला ३० लाख देऊन कॉलेज फुटबॉलपासून वळवलं. हिशेब हुशारीचा होता. पण डेव्हिसची यंदाची सरासरी .२०० च्या खाली आहे, म्हणजे दहा पाळ्यांत दोन हिटसुद्धा नाहीत. पहिल्या क्रमांकाचा बॅटर उभा राहिला नाही तर वाचवलेले १९ लाख फार महाग पडतात.

ओनील क्रूझचं कोडं याहून मोठं. २५ मेला त्यानं मिलवॉकीविरुद्ध ताशी १२२.९ मैल वेगानं होम रन मारला. मोजणी सुरू झाल्यापासून इतक्या जोरात चेंडू कुणीच मारलेला नाही. मोसमाची सरासरी मात्र .२००. डावखुऱ्या पिचरचा बाहेर पळणारा स्लायडर दिसला की त्याची बॅट आधीच सुटलेली असते. अशा बॅटरला स्ट्राइक झोनबाहेरचा चेंडू सोडायला शिकवणं हे बॅटिंग प्रशिक्षकाचं मुख्य काम, आणि ते वर्षानुवर्षं होत नाही.

त्यात पीएनसी पार्कची मोजमापं लक्षात घे. उजवी रेषा ३२० फूट. तिथली भिंत २१ फूट उंच, पायरेट्सचा जुना थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ क्रमांकासाठी. डावी रेषा ३२५ फूट, पण तिथून मध्याकडे सरकलं की मैदान झपाट्यानं खोल होतं आणि कोपऱ्यात ४१० फुटांपर्यंत जातं. उजव्या हाताच्या बॅटरचे खणखणीत फटके तिथे झेल होतात. म्हणून या मैदानाला गरज आहे ती डाव्या बाजूनं मारणाऱ्या, चेंडू उजव्या कुंपणाकडे ओढणाऱ्या दोन ताकदवान बॅटरांची. हे पिट्सबर्गमधल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात बाजारातून काय आणलं? मार्चमध्ये सदतीस पूर्ण केलेला, उजव्या हातानं खेळणारा टॉमी फॅम, सुमारे ४० लाखांत. आणि अॅडम फ्रेझर, सुमारे १५ लाखांत. फ्रेझर डावखुरा खरा, पण ताकदीचा नव्हे. दोघेही एकेका वर्षासाठी. खेळाडू घेण्या-देण्याचे निर्णय घेणारे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन २०१९ च्या नोव्हेंबरात आले. तेव्हापासून २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत बाहेरच्या एकाही फ्री एजंटशी (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूशी) एकाहून अधिक वर्षांचा करार झालेला नाही.

आता पैसा. आयपीएलमध्ये सगळ्या संघांना लिलावासाठी सारखीच पर्स असते. इथे तशी वरची मर्यादा नाही. ठरावीक रकमेपलीकडे गेलं तर कर भरायचा, एवढंच. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा पगारखर्च ३० कोटी डॉलरच्या वर, आपला १० कोटींच्या आत. अन्याय आहेच. पण दुसरी बाजूही बघ. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातले ४८ टक्के एका सामायिक निधीत टाकतो आणि तो सगळ्यांत समान वाटला जातो. म्हणजे पिट्सबर्गसारखा संघ देतो कमी आणि घेतो जास्त. हा पैसा संघ सुधारण्यासाठी वापरायचा असा नियम आहे. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली, त्यांत पायरेट्स होते. आणि 'शहर लहान' हे कारण मिलवॉकीसमोर टिकत नाही. बाजारपेठेच्या मापानं ते लीगमधलं सर्वांत लहान, आपल्याच गटातलं, आणि यंदा ९७ विजयांसह सगळ्या तीस संघांत पहिलं.

मालक बॉब नटिंग २००७ पासून आहेत. गणित साधं आहे: सामायिक निधी येतोच, टीव्हीचा राष्ट्रीय पैसा येतोच, नदीकाठचं सुंदर मैदान बघायला लोक येतातच. ७१ जिंकले काय नि ८५ जिंकले काय, जमाखर्चात फरक थोडा पडतो, आणि ७१ वरून ८५ वर न्यायला लागणारे दोन बॅटर मात्र महाग असतात. हरणं स्वस्त पडतं, म्हणून हरणं चालू राहतं.

काही चुकांना पैशाचं कारणही देता येत नाही. २७ मे २०२१ चा शिकागोविरुद्धचा प्रसंग शोधून बघ. दोन आउट, दुसऱ्या बेसवर विल्सन कॉन्ट्रेरास. हावी बायेझनं तिसऱ्या बेसकडे साधा चेंडू मारला. तिथून आलेल्या फेकीमुळे आपला पहिल्या बेसवरचा विल क्रेग दोन पावलं पुढे आला, पण चेंडू त्याच्या हातात होता. मागे वळून बेसवर पाय ठेवला असता तर इनिंग संपली असती, कारण पहिल्या बेसवर तिसरा आउट झाला की त्या दरम्यान झालेली धाव धरत नाहीत. बायेझ उलटा होम प्लेटकडे (जिथून बॅटर निघतो आणि जिथे परतल्यावर धाव होते) पळू लागला आणि क्रेग त्याच्या मागे. तोवर कॉन्ट्रेरास घरी पोचत होता. क्रेगनं चेंडू कॅचरकडे टाकला, धाव झाली, बायेझ परत पहिल्या बेसकडे पळाला, आणि तिथे वेळेवर कुणीच पोचलं नव्हतं. पुढची फेकही निसटली आणि बायेझ दुसऱ्या बेसवर. एकट्या क्रेगला दोष देणं सोपं आहे, पण 'बेसवर पाय ठेव' असं मोठ्यानं ओरडणं बाकीच्यांचं काम होतं, आणि रिकामा बेस धरायला धावणं दुसऱ्या बेसवाल्याचं. ही शिस्त फेब्रुवारीत, सराव शिबिरात अंगी बाणवायची असते.

यंदाच्या एप्रिलमध्ये आणखी एक प्रकार झाला, त्यानं गाव खरोखर दुखावलं. उजव्या भिंतीवरचं क्लेमेंटेच्या २१ आकड्याचं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली गेली. तीन हजार हिट करणारा आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेलेला माणूस. ओरड झाल्यावर चिन्ह परत आलं. पण ते काढताना एकालाही गैर वाटलं नाही, हे मला विसरता येत नाही. 'संघ विका' या घोषणा मैदानात त्या आधीच सुरू झाल्या होत्या. मे महिन्यात १२ विजय आणि २६ पराभव असताना मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, डेरेक शेल्टनना काढलं आणि पिट्सबर्गच्याच डॉन केलींना आणलं. केलींच्या हाताखाली खेळ सुधारला, पण बॅटर तेच होते.

हो, भारतात या संघाचं नाव पहिल्यांदा गाजलं ते २००८ मध्ये, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनी करारबद्ध केलं तेव्हा. जिथे कुणी बघत नव्हतं तिथल्या हातांना त्यांनी संधी दिली. ती नजर या संघाकडे आहे, म्हणून तर जास्त चीड येते.

आता घाई का, ते सांगतो. मोठ्या लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो. स्कीन्सला ११ मे २०२४ ला आणलं, म्हणजे पहिलं वर्ष अपुरंच राहिलं असतं. पण तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि नियमानुसार त्याला पूर्ण वर्ष मिळालं. त्यामुळे २०२९ चा मोसम संपला की तो मोकळा. यंदा त्याचा पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता. पुढच्या वर्षीही स्वस्तच, मग दरवर्षी चढत जाणार. म्हणजे त्याच्यावर वाचणारा पैसा बॅटरांवर घालायची खरी संधी याच हिवाळ्यात आहे.

डिसेंबरमध्ये ऑरलँडोला विंटर मीटिंग्ज, म्हणजे सगळ्या संघांच्या हिवाळी बैठका, आहेत. तिथून येणाऱ्या बातम्यांत तीन गोष्टी बघ: डावखुरा, वर्षाला निदान २० होम रन मारणारा बॅटर येतो का, एखाद्या बॅटरशी दोन किंवा जास्त वर्षांचा करार होतो का, आणि जास्तीच्या पिचरांपैकी एखादा देऊन तयार बॅटर घेतला जातो का, की पुन्हा चार वर्षांनी पिकणारी पोरंच. स्वतः स्कीन्सला विकल्याची अफवा उठली तर लक्ष देऊ नकोस. या तिन्हींतली दुसरी, कराराची गोष्ट घडली तर मला लगेच कळव, कारण ती घडेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

सामने बघायचे तर इथले संध्याकाळी ६.४० चे सामने तुमच्याकडे पहाटे ४.१० ला सुरू होतात. त्यापेक्षा रविवारचे दुपारचे बरे, रात्री अकराच्या सुमारास. स्कीन्स साधारण दर पाच-सहा दिवसांनी टाकतो, तेव्हा त्याच्या पाळ्या आधी बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश