कूलर बंद करणाऱ्या मॅडमना

मॅडम,

वैनगंगेकाठच्या भाताच्या रोवणीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. पेनड्राइव्ह ग्रंथालयात जमा होईलच, पण त्याआधी हे पत्र.

तुमच्याकडे रेकॉर्डिंग शिकण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. पडद्यावर कॅमेऱ्याच्या भागांची नावं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. माइक मात्र कपाटात कुलूपबंद. हरवला तर कोण भरून देणार, म्हणे! तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मे महिन्याच्या भर दुपारी खोलीतला कूलर बंद केलात, मग पंखा. काही न बोलता आपला हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवलात आणि शिबिरातली जुनी फाइल लावलीत. पंख्याची घरघर शब्दांवर चढून बसली होती. कानाला तिची सवय झालेली असते, माइकला ती जशीच्या तशी ऐकू जाते. 'तुमचं चुकलं' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. घाम पुसत तासभर बसलात, पण कूलरच्या बटणाला हात लावला नाहीत. शिकणाऱ्याला खाली मान घालायला न लावता चूक दाखवणारी माणसं फार थोडी. तुम्ही त्यातल्या आहात.

त्या तासातलं सगळं बांधावर कामी आलं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, पदराच्या बाहेर आणि गळ्यातल्या पोतीपासून लांब. नाहीतर प्रत्येक हालचालीला टकटक. माइकच्या जॅकवर काळ्या रिंगा तीन असतील तर तो मोबाइलचा, दोन असतील तर कॅमेऱ्याचा. चुकीचा लावला की फोन गुपचूप स्वतःचाच माइक वापरतो. आवाजाची पातळी बोलण्यावर नाही, गाण्यावर लावायची. बाया बोलतात हळू, पण गायला लागल्या की एकदम चढतात. सर्वात चढा सूर मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. शून्याला धडकून फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

फोनच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग कमीजास्त होतो, म्हणून रेकॉर्डरवर वेगळा घेतलेला आवाज काही मिनिटांनी ओठांच्या मागेपुढे जायला लागतो. दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी, आणि फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून फ्रेमदर स्थिर करायचा, हा तुमचा उपाय. आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) 48 किलोहर्ट्‌झवर, हेही तुमचंच.

आणि तुमची ती अट: ज्या बाईनं गाणं म्हटलं, तिला हेडफोन लावून सगळ्यांत आधी ऐकवायचं, मग विचारायचं, ठेवू का? प्रत्येकीला ऐकवलं, प्रत्येकीला विचारलं.

दर ठिकाणी शेवटी 30 सेकंद गप्प राहून नुसता परिसर रेकॉर्ड केला आहे, ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापलेल्या जागा भरायला. पेनड्राइव्हमधली शेवटची फाइल तशीच आहे. गाणं नाही तिच्यात. कूलर बंद करून ऐका: बांधीतलं पाणी आणि बेडकं.